ताटाचा फोटो आणि चतकोर भाकरी

लातुरात अकरावी-बारावीची मुलं सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा, ही मुलं नेमकं किती जेवतात हे सांगता येत नाही. गाव सोडून मुलगी इथं येते, चौघींत एक खोली घेते. सकाळी सहाला क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी परत क्लास, आणि मध्ये कधीतरी मेसचा डबा. डबा उघडला का, किती संपला, उरलेला कुठं गेला, हे तिच्या आईला गावात बसून कळत नाही आणि मला, तिच्या शिक्षिकेला, समोर उभं राहूनही कळत नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात गेली बावीस वर्षं गृहविज्ञान शिकवते. त्यामुळे जेवणाचा फोटो काढायचा आणि त्यावरून कॅलरी मोजायच्या, ही कल्पना पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता.

तो आनंद ओसरला एका मुलीमुळे. मागच्या नोव्हेंबरात राष्ट्रगीताला उभी असताना ती चक्कर येऊन पडली. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन आठच्या आत. दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या तिनं मला फोन दाखवला. त्यातलं ॲप जेवणाचा फोटो काढला की कॅलरी सांगायचं, आणि दिवसाच्या १२०० झाल्या की आकडा लाल व्हायचा. वजन कमी करायचंय, एवढंच तिनं सुरुवातीला भरलं होतं. बाकीचं ॲपनं ठरवलं. तिच्या डब्यातल्या भाकरीला ते टॉर्टिया म्हणत होतं आणि पिठल्याला सूप. "मॅडम, लाल झालं की मला झोपच येत नाही," ती म्हणाली. आकडा लाल होऊ नये म्हणून रात्रीचा डबा ती शेजारच्या खोलीत देऊन टाकत होती.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली ज्या शिफारशी दिल्या, त्यात १६ ते १८ वयाच्या मुलीची दिवसाची गरज २५०० किलोकॅलरी धरली आहे आणि त्याच वयाच्या मुलाची ३३२०. (बोलण्यात आपण ज्याला कॅलरी म्हणतो ती ही किलोकॅलरीच; पुढं मी बोलीतलाच शब्द वापरते.) हे आकडे सरासरीचे आहेत, ५५ किलोच्या आसपास वजनाच्या मुलीचे आहेत, प्रत्येकीला तंतोतंत लागू होणारे नाहीत. पण १२०० म्हणजे त्याच्या निम्म्याहूनही कमी. वाढीच्या वयातल्या, पाळी येणाऱ्या, दिवसाला बारा तास अभ्यास करणाऱ्या मुलीला हा हिशेब एका यंत्रानं दिला आणि तिनं तो पाळला.

म्हणून मला स्पष्ट मांडायचं आहे. किशोरवयीन मुलांच्या आहाराचा अभ्यास करण्यासाठी जाणत्या माणसांनी ताटाचे फोटो जरूर वापरावेत. पण फोटोवरून निघालेला कॅलरीचा आकडा मुलामुलींच्या हातात देऊ नये. शाळा, वसतिगृहं किंवा आरोग्य कार्यक्रम यांनी असं ॲप मुलांच्या फोनवर बसवण्याचा विचार तर अजिबात करू नये. मराठवाड्यात तर नाहीच.

या पद्धतीवर गंभीर काम झालं आहे, हे मान्य करायलाच हवं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात किशोरवयीन मुलांना घेऊनच प्रयोग झाले: ताटाशेजारी ठरावीक मापाचं चौकटी-चौकटींचं रंगीत कार्ड ठेवायचं, जेवणाआधी एक आणि जेवणानंतर एक फोटो काढायचा. कार्डाचं माप ठाऊक असल्यामुळे पदार्थाचं आकारमान काढता येतं. लुईझियानातल्या पेनिंग्टन संशोधन केंद्रानं दुसरी वाट धरली. माणसांनी फोटो पाठवायचे आणि प्रशिक्षित लोकांनी ते आधी मोजून ठेवलेल्या पदार्थांच्या फोटोंशी ताडून अंदाज बांधायचा. या अंदाजाची परीक्षा घ्यायची एक कठोर रीत आहे. ड्यूटेरियम आणि ऑक्सिजन-१८ असलेलं पाणी पाजतात आणि पुढचे काही दिवस लघवीतून ते किती वेगानं बाहेर पडतं ते पाहतात. त्यावरून शरीरानं किती ऊर्जा खर्च केली ते कळतं, आणि वजन स्थिर असेल तर तेवढीच खाल्ली असं धरता येतं. पेनिंग्टनच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या कसोटीवर फोटोंचा अंदाज सरासरी दीडशे कॅलरींनी कमी पडला. दीडशे म्हणजे जेमतेम अर्धी-पाऊण भाकरी. चांगलाच निकाल म्हणायचा.

पण त्याच निकालातला दुसरा आकडा कुणी सांगत नाही. माणसागणिक चुकीचा फैलाव, संख्याशास्त्रात ज्याला प्रमाण विचलन म्हणतात, तो जवळजवळ ७०० होता. म्हणजे पन्नास माणसांची सरासरी ठीक, पण त्यातल्या एकाचं नाव घेऊन 'तू आज इतकं खाल्लंस' असं सांगायला गेलं तर सातशेचा फरक पडणं काही विशेष नाही. आणि ती सगळी मोठी माणसं होती, त्यांना वेळोवेळी फोटो काढायची आठवण करून दिली जात होती. गटाविषयी बोलायला जी पद्धत पुरते ती एका मुलीविषयी बोलायला पुरत नाही. माझ्या सगळ्या म्हणण्याचा पाया हा आहे.

आता आपल्या ताटाकडे या. वरून पाहिलं तर भाकरी म्हणजे एक गोल. साठ ग्रॅम पिठाची पातळ भाकरी आणि शंभर ग्रॅमची जाड भाकरी फोटोत सारखीच दिसते. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात साधारण ३३० ते ३५० कॅलरी असतात, म्हणजे एका भाकरीमागे एकशेतीस ते एकशेचाळीसचा फरक, तो केवळ थापणारीच्या हाताचा. तीन भाकऱ्यांना तिप्पट करा. पिठल्यात मुरलेलं तेल कुठल्या कॅमेऱ्याला दिसणार? मोठा चमचाभर तेल म्हणजे आणखी सव्वाशे. येसराच्या आमटीवर तवंग तरी येतो, पण वांग्याच्या भाजीत दाण्याचं कूट मूठभर गेलंय की चिमूटभर, हे ज्या माउलीनं घातलं तिलाच ठाऊक. आणि वाटी खोल असेल तर आमटी बोटभर आहे की काठोकाठ, हेही वरच्या फोटोतून नीट उमगत नाही.

त्यातून आपली वाढायची रीत. अख्खं जेवण एकदम ताटात येत नाही. आधी अर्धी भाकरी, मग "घे ना, चतकोर घे", मग परत कुणी नितकोर टाकतं. आमटी दोनदा येते. भाकरी आमटीत कुस्करली की पाच मिनिटांत तिचा काला होतो, आणि त्या काल्यात भाकरी किती नि आमटी किती हे खाणाऱ्यालाही सांगता यायचं नाही. प्रत्येक वाढपाला फोटो काढायचा म्हटलं तर जेवायचं कधी?

आणि घराबाहेरचं खाणं? मार्गशीर्षातल्या येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, लातूर-धाराशिवकडची सगळी गावं शेतात असतात. भज्जीत किती भाज्या, किती दाणे, किती बेसन पडलं ते करणारीही सांगू शकत नाही. आंबील मडक्यातून लोट्यात आणि लोट्यातून थेट तोंडात. हुरड्याचे दिवस आले की पोरं तळहातावर चोळून मुठीमुठीनं खातात. खिशात शेंगा असतात, आणि तीस ग्रॅम दाणे म्हणजे दीडशे कॅलरी झाल्या. बांधावरची बोरं, दातानं सोललेला ऊस. आमच्या मुलांच्या आहारातला सगळ्यात चांगला भाग उभ्यानं, चालता चालता, हात चिकट असताना खाल्ला जातो. त्याचा फोटो कुणी काढत नाही, काढायला सांगूही नये.

मशीनला शिकवलं की येईल, असं तंत्रज्ञ म्हणतील. काही अंशी ते बरोबर आहे. झ्युरिकच्या संशोधकांनी २०१४ साली १०१ पदार्थांचे एक लाख एक हजार फोटो जमवले, आणि पदार्थ ओळखणाऱ्या कितीतरी यंत्रांचं शिक्षण त्या संग्रहावर झालं. त्यात समोसा आहे, भाकरी नाही. उद्या कुणी लाखभर मराठवाडी ताटांचे फोटो जमवले तर टॉर्टियाची भाकरी होईल आणि चुरमुऱ्यांचा सुशीला हा पुलाव ठरणार नाही. पण नाव बरोबर आलं म्हणून तेल दिसायला लागत नाही.

इथं एक गोष्ट मला फार लागते. ज्या अन्नाची मोजणी या ॲपना अचूक जमते ते म्हणजे पाकिटातलं अन्न. पाच-दहा रुपयांचं पाकीट, त्यावर छापलेल्या कॅलरी, पट्टी स्कॅन केली की आकडा हजर. भाकरी-पिठल्याचं मात्र 'अंदाजे', 'पदार्थ निवडा', 'पुन्हा फोटो काढा'. आकड्याला घाबरलेल्या मुलीला मग पाकीटच भरवशाचं वाटू लागतं. माझ्या त्या विद्यार्थिनीनं दुपारी बिस्किटाचा पुडा खायला सुरुवात केली होती, आणि कारण काय, तर त्याचा हिशेब पक्का असतो!

कॅलरी मोजून आमच्या मुलींचं दुखणं सापडतही नाही. २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातली २४ टक्के मुलं उंची-वजनाच्या मानानं बारीक आढळली आणि ५ टक्के जास्त वजनाची. त्याच सर्वेक्षणात ४० टक्के मुलींना रक्तक्षय होता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये हे प्रमाण ५९ टक्के निघालं. वयोगट वेगळे, शिवाय एका ठिकाणी रक्त शिरेतून घेतलं आणि दुसऱ्या ठिकाणी बोटातून. साधं रक्त कुठून घेतलं यावरही आकडा हलू शकतो, तर फोटोतून काढलेल्या आकड्याचं काय घेऊन बसायचं? पण दोन्हीकडून एवढं दिसतं की आमच्या घराघरांत लोहाची उणीव आहे, आणि जास्त खाणाऱ्यांपेक्षा कमी खाणारी मुलं कितीतरी जास्त आहेत. परभणीच्या कृषी विद्यापीठानं २०१८ साली इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेच्या साथीनं 'परभणी शक्ती' ही ज्वारी दिली, तिच्यात लोह आणि जस्त नेहमीच्या वाणांपेक्षा जास्त आहे. तिची भाकरी आणि नेहमीच्या मालदांडी ज्वारीची भाकरी शेजारी ठेवा आणि फोटो काढा. कॅलरी सारख्याच येतील. ज्या फरकासाठी शास्त्रज्ञांनी वर्षं घातली तो फोटोत नाही.

आकडा एकदा रूढ झाला की तो माणसाच्या डोक्यावर बसतो, हे महाराष्ट्रानं जवळून पाहिलंय. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली पुण्यातून दारिद्र्याचा अभ्यास मांडला. दिवसाला माणशी २२५० कॅलरी मिळतील एवढाही खर्च ज्याला झेपत नाही तो गरीब, असा त्यांचा निकष होता. भूक मोजायला लावणारं ते मोठं काम होतं. पुढच्याच वर्षी मराठवाड्यात दुष्काळ होता आणि लोक परदेशातून आलेली मिलो ज्वारी आणि दुष्काळी मदतीतली सुकडी यांवर दिवस काढत होते. पुढं १९७९ मध्ये सरकारनं ग्रामीण भागासाठी २४०० आणि शहरांसाठी २१०० ही रेषा ठरवली. यावर जो वाद झाला त्यात पां. वा. सुखात्मे यांचा एक मुद्दा मला आजही मोलाचा वाटतो. ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे अनेक वर्षं प्रमुख होते. त्यांचं म्हणणं असं, की धडधाकट माणसाचंही खाणं रोज वरखाली होतं, तेव्हा एका दिवसाच्या मापावरून त्याला कुपोषित ठरवू नका. यातून त्यांनी कुपोषणाच्या प्रमाणाविषयी जे निष्कर्ष काढले ते मला पटत नाहीत, सी. गोपालन यांच्यासारख्या पोषणतज्ज्ञांनाही पटले नव्हते. पण रोजचा चढउतार हे वास्तव आहे. आणि ॲप दर रात्री बाराला हिशेब मिटवून निकाल देतं.

फोटो ज्यांच्यापर्यंत पोचतच नाही त्यांच्याविषयीही बोललं पाहिजे. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला कोयता निघतो. आईबापांबरोबर चौदा-पंधराची पोरंही फडावर जातात, मोळ्या उचलतात, लहान भावंडं सांभाळतात. त्यांचा खर्च पुस्तकातल्या कुठल्याच सरासरीत बसत नाही. घरात फोन असतो तो बापाकडे नाहीतर भावाकडे. मुलगी जेवते ती आईबरोबर, सगळ्यांचं झाल्यावर, बऱ्याचदा एकाच ताटात, पातेल्याला लागलेली खरड भाकरीनं पुसून. या जेवणाचा फोटो काढ म्हणून तिला सांगायचं? दुष्काळाच्या वर्षी दाराशी माणूस आला तर ताट झाकणारी माणसं आहेत ही. गरीब घरातल्या मुलाला रोज आपलं ताट परक्याला दाखवायला लावणं म्हणजे त्याच्या लाजेवर रोज हात ठेवणं आहे. आणि कोणाच्या घरी काय शिजतं, हा आपल्या समाजात कधीच साधा प्रश्न नव्हता. ताट जात सांगतं, धर्म सांगतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्यांची माहिती घेताना पालकांची पडताळता येईल अशी संमती बंधनकारक केली आहे आणि मुलांवर पाळत ठेवायला मनाई केली आहे. ती मनाई कंपन्यांइतकीच चांगल्या हेतूनं आलेल्या शाळेनंही मनावर घ्यावी.

मग करायचं काय? चक्कर आलेल्या मुलीची आई दुसऱ्या दिवशी एसटीनं आली. तिनं मला सरळ विचारलं, "मॅडम, किती खाल्लं पाहिजे हिनं?" आम्ही दोघींनी कागद घेतला आणि कॅलरीचं नाव न काढता लिहीत गेलो. जाडसर तीन भाकऱ्या. तुरीचं घट्ट वरण दोन वाट्या. एक मोठी वाटी भात. पालेभाजी, जमेल तेव्हा लिंबू पिळून, कारण त्यानं लोह अंगी लागायला मदत होते. दोन अंडी, ती घरात चालत होती. पेलाभर दूध, मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा, एखादं केळं. तेलासकट हे सगळं मी मनात मांडलं तर अडीच हजाराच्या जवळ गेलं. आईनं यादी दोनदा वाचून घेतली आणि म्हणाली, "हे मला कामून सांगता? मी तर घालीनच. मेसवाल्याला सांगा."

ती बाई बरोबर बोलली, आणि तिथून माझं मत पक्कं झालं. कॅमेरा वळवायचाच असेल तर मेसच्या पातेल्याकडे वळवा. शाळा-कॉलेजांच्या भोजनगृहांत ताटांचे आधीचे आणि नंतरचे फोटो घेऊन काय वाढलं गेलं, काय उरलं, हे पाहण्याची पद्धत चांगली रुळलेली आहे. तिथं ताट प्रमाणित असतं, पदार्थ एकाच पातेल्यातला असतो, वाढायचा डाव मोजून ठेवता येतो, आणि फोटोवर मुलीचं नाव लागत नाही. चारशे ताटांत पालेभाजी तशीच उरली असेल तर दोष भाजीत आहे. वरण पाण्यासारखं असेल तर ते फोटोत दिसतं आणि त्याचा जाब कंत्राटदाराला विचारता येतो. फोटोतून निघणारी सरासरी गटापुरती खरी असते, असं मी वर म्हटलं; मेस म्हणजे गटच आहे. तिच्यासाठी हे साधन नेमकं बसतं.

त्याहून सोपी वाट कोठीच्या वहीची. पंधरा किलोचा तेलाचा डबा शंभर मुलींना दहा दिवस पुरला तर एकीच्या वाट्याला दिवसाला पंधरा ग्रॅम तेल आलं, म्हणजे १३५ कॅलरी. डाळ, पीठ, तांदूळ, गूळ यांचं असंच करायचं आणि उष्टं किती गेलं ते वजा करायचं. तराजू, वही आणि बेरीज-भागाकार, एवढंच लागतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या देखरेख विभागाची माणसं १९७२ पासून गावोगाव तराजू आणि ठरावीक मापाच्या वाट्या घेऊन घरात बसायची, विचारायची, तोलायची. त्या बसण्यात जे कळायचं, म्हणजे शेवटी कोण जेवलं, कोणी नको म्हटलं आणि का, ते कुठल्याच फोटोत येत नाही. फोटोचा खरा उपयोग तिथं आहे: मुलगी काल काय खाल्लं ते विसरते, तेव्हा तिच्याच फोनमधलं चित्र समोर ठेवून जाणत्या बाईनं तिच्याशी बोलावं. आठवणीला आधार म्हणून फोटो उत्तम. न्यायाधीश म्हणून नको.

सरकारकडे मागायचंच असेल तर हे मागावं. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत आहे; सहावी ते आठवीच्या मुलाला त्यातून ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं ठरलंय. नववीला पाय ठेवला की ते ताट बंद. नेमकी ज्या वयात गरज सगळ्यात जास्त, त्या वयात. नववी ते बारावीच्या मुलांना दुपारचं जेवण द्या, आणि क्लासच्या गावांतल्या मेसना महिन्याला कोठीची वही दाखवायला भाग पाडा.

आमच्या कॉलेजजवळच्या दोन मेसनी या जूनपासून वही दाखवायचं कबूल केलंय. अकरावीच्या मुली आठवड्यातून एकदा जाऊन तेल, डाळ आणि पीठ तोलणार आहेत आणि माणशी वाटा काढून मेसच्या दारावर लावणार आहेत. चक्कर आलेली मुलगी आता बारावीला आहे, तिनं फोनमधलं ॲप काढून टाकलं. तोलायच्या कामाला तिनं पहिलं नाव दिलंय.